कांहीं लष्करी इंग्रजी शब्दांचीं मुळें



संरक्षणविषयक इंग्रजी शब्द वर्तमानपत्रांतून रोज आपल्या दृष्टीस पडतात. त्यांचे अर्थ आपणांस ठाऊक असतात. परंतु त्यांचें कुळ आपण सहसा विचारीत नाहीं. आज अशा चार शब्दांचा वृत्तान्त मी निवेदन करणार आहें.

पहिला शब्द ‘डिफेन्स’. लॅटिन ‘डेफेन्डेरे’ म्हणजे आलेला घाव दूर सारणें. यांतील मूळ धातूचा अर्थ मात्र प्रहार करणें असाच आहे. त्यालाच दुसरा उपसर्ग लागून आगळीक या अर्थाचा ‘ऑफेन्स’ शब्द झाला. संस्कृतांत एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार आणि परिहार निघतात, तसाच हा प्रकार. पुढें ‘डिफेन्स’चें आद्याक्षर गळून ‘फेन्स’ उरला. तेव्हां शेताचें कुंपण आणि राष्ट्राचें संरक्षण हीं एकाच घरचीं होत.

दुसरा ‘सोल्जर’. रोमन सम्राट काँस्टंटाइन यानें चौथ्या शतकाच्या आरंभीं ‘सॉलिडस’ नांवाचें सोन्याचें नाणें पाडलें. एका रोमन पौंड सोन्यांत अशीं ७२ नाणीं होत. या नांवावरून जुन्या फ्रेंच भाषेंत पगारास शब्द मिळाला, आणि पगार घेऊन लढणारा तो ‘सोल्जर’ ठरला. शौर्याचा उल्लेख त्यांत कोठेंच नाहीं.

तिसरा ‘मॅगझिन’, म्हणजे दारूगोळ्याचें कोठार. हा अरबी ‘मखझन’ शब्दाचा वंशज; आपला ‘खजिना’ही त्याच धातूचा. १७३१ सालीं लंडनमध्यें ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघालें, आणि कोठाराचें नांव मासिकांस पडलें.

चौथा शब्द ‘इन्फंट्री’. माझा एक विद्यार्थी पायदळांत भरती झाला. निरोप घेतांना त्यानें विचारलें, “गुरुजी, इन्फंट्री हा शब्द आला कोठून?” मला तें ठाऊक नव्हतें. “इन्फंट्री म्हणजे पायदळ,” एवढेंच सांगून मीं त्याची बोळवण केली. मागाहून कोश उघडला. लॅटिन ‘इन्फन्स’ म्हणजे वाचा न फुटलेलें मूल. इटालियन भाषेंत त्याचाच अर्थ पोरगा, आणि मग पायीं लढणारा शिपाई असा झाला. कारण घोडदळांत घेण्याजोगा अनुभव वा दर्जा नसलेलीं कोवळीं मुलें पायदळांत जात. माझ्या त्या विद्यार्थ्याला नुकतें मिसरूड फुटत होतें.

त्या दिवसापासून अर्थाबरोबर शब्दाचें मूळही सांगण्याचा परिपाठ मीं ठेवला. पायदळाच्या हालचालींची बातमी आपण वाचाल, तेव्हां त्या शब्दांत दडलेल्या मुलाचें स्मरण ठेवावें, एवढीच विनंती.