शहर आणि हवामान (लेखांक ६) : खर्च झाला, पण उत्सर्जन घटले का?

मुंबईचा हवामान कृती आराखडा कसा तयार झाला, ते मागच्या लेखांकात पाहिले. १३ मार्च २०२२ रोजी तो जाहीर झाला. २०१९ हे आधारवर्ष धरून २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी आणि २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी कमी करायचे, २०५० पर्यंत ते निव्वळ शून्यावर आणायचे, असे टप्पे त्यात ठरले. आधारवर्षातला आकडा सुमारे २.३४ कोटी टनांचा, म्हणजे माणशी साधारण १.८ टन. यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग इमारती आणि उद्योगांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः विजेचा. वाहतुकीचा सुमारे २० टक्के आणि उरलेला कचऱ्याचा. पहिला टप्पा आता हाकेच्या अंतरावर आला आहे. अशा वेळी नागरिकाने एकच प्रश्न धरून ठेवायला हवा : शहर पुढे सरकले आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

महापालिकेचे या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर आहे हवामान अर्थसंकल्प. ओस्लो, लंडन, न्यू यॉर्क अशा मोजक्या शहरांच्या पाठोपाठ मुंबईने २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि भांडवली खर्चापैकी १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे जवळपास ३२ टक्के रक्कम हवामानाशी निगडित असल्याचे दाखवले. या पावलाचे मोल मोठे आहे. एरवी पर्यावरण विभागाच्या कोपऱ्यात पडून राहणारा विषय यामुळे लेखा विभागाच्या टेबलावर आला आणि प्रत्येक खात्याला आपल्या कामाचा हवामानाशी काय संबंध आहे, हे लिहून द्यावे लागले. पण या रकमेचा सर्वांत मोठा वाटा पूरनियंत्रण, पाणी आणि सांडपाणी यांच्याकडे जातो. वरळी, धारावी, मालाड, भांडुप इथली नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे ही फार पूर्वीच व्हायला हवी होती. समुद्रात आणि खाड्यांत अर्धवट प्रक्रिया केलेले पाणी सोडणे कोणत्याही निकषावर चूकच. तरीही हे विसरून चालणार नाही की, या केंद्रांतल्या टाक्यांमध्ये हवा सोडणारे पंखे चोवीस तास वीज खातात. म्हणजे एकाच कामाने नदी-खाडी सुधारते, शहराची पाण्याला तोंड देण्याची ताकद वाढते आणि विजेची मागणीही वाढते. ‘हवामानासाठीचा खर्च’ या एका रकान्यात हे तिन्ही परिणाम मिसळून जातात. खर्चाचा आकडा प्रशासनाचा हेतू सांगतो. हवेत जाणाऱ्या वायूचे काय झाले, ते तो सांगू शकत नाही.

बसगाड्यांचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टच्या ताफ्यातल्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रमाण दरवर्षी वाढते आहे. २०२३ मध्ये विजेवरची वातानुकूलित डबलडेकरही रस्त्यावर आली. टक्केवारीचा आलेख पाहिला तर तो वरच चढताना दिसेल. पण २०१० च्या सुमारास ४,५०० हून अधिक गाड्या चालवणाऱ्या बेस्टचा एकूण ताफा २०२५ पर्यंत ३,००० च्याही खाली आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. जुन्या गाड्या भंगारात काढल्या की विजेच्या गाड्यांची टक्केवारी आपोआप सुधारते. थांब्यावर पाऊण तास उभा राहिलेला प्रवासी मात्र शेअर रिक्षा धरतो किंवा हप्त्यावर स्कूटर घेतो, आणि त्या स्कूटरचा धूर बेस्टच्या खात्यावर कुठेच पडत नाही. म्हणून वाहतुकीची प्रगती मोजायची तर गाड्या कोणत्या इंधनावर चालतात, एवढे विचारून भागत नाही. रोज किती किलोमीटर बससेवा दिली, किती प्रवासी बसमध्ये टिकले आणि किती खासगी वाहनांकडे वळले, हे आकडे त्याच पानावर शेजारी छापले पाहिजेत. गाड्यांची खरेदी हे साधन आहे. प्रवासी टिकणे हे फळ आहे, आणि आपण मोजतो ते साधन.

विजेच्या बाबतीत हिशेब जरा खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण मुंबईच्या उत्सर्जनाचा गाभा तिथेच आहे. गणित सोपे आहे : वापरलेले युनिट गुणिले दर युनिटमागचे उत्सर्जन. एखाद्या सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे सामायिक मीटर महिन्याला १,००० युनिट दाखवत असेल, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय सरासरीने त्याचे साधारण ७०० किलो कार्बन डायऑक्साइड होते. हा आकडा दोन वाटांनी घटू शकतो. एक तर सोसायटीने युनिट वाचवायचे किंवा गच्चीवर सौर पॅनेल बसवायची. दुसरी वाट म्हणजे वीज कंपनीने कोळशाऐवजी वाऱ्याची आणि उन्हाची वीज विकत घ्यायची. उपनगरांना वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने २०२३ च्या दिवाळीत चार तास आपला सगळा पुरवठा अक्षय ऊर्जेवर केल्याचे सांगितले. ही वाट चालता येण्यासारखी आहे, हे त्यातून दिसते. पण जैसलमेरच्या वाळवंटातल्या अक्षय ऊर्जा प्रकल्पामुळे मुंबईचा आकडा उतरला आणि त्याच काळात शहरातले वातानुकूलन दुप्पट झाले, तर शहर सुधारले असे म्हणायचे का? दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या तरच त्याचे उत्तर मिळते. एकत्रित आकड्यात एकीचे यश दुसरीचे अपयश झाकून टाकते.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो पोकळ नाही : वीज महापालिकेच्या हातात कुठे आहे? दर आणि खरेदीचे करार राज्याचा वीज नियामक आयोग मंजूर करतो. ट्रॉम्बेचा ५०० मेगावॅटचा कोळशावरचा संच किंवा डहाणूचे औष्णिक केंद्र कधी बंद होणार, हे पालिका ठरवत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळी मुंबई अंधारात गेली, तेव्हा बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती तोकड्या आहेत तेही दिसले. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा ती अडचण थोडी सैल झाली. हे सगळे मान्य करूनही पालिकेच्या हातात बरेच काही उरते. शहर भागाला वीजही देणारी बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे. बांधकामाचे नकाशे पालिकाच मंजूर करते आणि पुनर्विकासात उभा राहणारा प्रत्येक टॉवर पुढची ५० वर्षे किती वीज खाणार, हे त्याच मंजुरीच्या टेबलावर ठरते. माहुलच्या रहिवाशांच्या दारात चालणाऱ्या ट्रॉम्बेच्या वीज केंद्राबद्दल आयोगाच्या जनसुनावणीत शहराच्या वतीने बाजू मांडायला पालिकेला कोणी अडवलेले नाही. आपल्या कक्षेतले काय आणि बाहेरचे काय, असे दोन रकाने अहवालात आखले तर हा आक्षेप राहतच नाही. उलट कोणाला जाब विचारायचा, ते लोकांना नेमके कळते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. माणशी १.८ टन हा आकडा जगातल्या श्रीमंत शहरांच्या तुलनेत लहान आहे. मग कपातीचा भार मुंबईने का उचलायचा? जागतिक वाटाघाटींत हा मुद्दा रास्त आहे आणि भारताने तो सोडू नये. मात्र शहराच्या आत आला की तोच आकडा फसवा ठरतो. कुर्ल्यातल्या पत्र्याच्या घरात एका पंख्याखाली उन्हाळा काढणारे कुटुंब आणि चारही बाजूंनी काच लावलेल्या टॉवरमधले कुटुंब यांची सरासरी काढून हाती काय लागणार? पहिल्याला खरे तर जास्त वीज हवी आहे, थंड छप्पर हवे आहे. कपात अपेक्षित आहे ती दुसऱ्याकडून. म्हणूनच हिशेब विभागवार हवा. मग गरिबांची वाढती वीज हे शहराचे अपयश म्हणून मोजले जाणार नाही.

असा हिशेब काय साधतो, ते कोपनहेगनकडे पाहून कळते : त्या शहराने २०१२ मध्ये आराखडा करून २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे ठरवले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या शहराने स्वतःच सांगितले की हे साधणार नाही, कारण कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातला कार्बन पकडण्याच्या योजनेला निधी मिळाला नाही. वर्षागणिक हिशेब ठेवल्यामुळेच नेमकी खोट कुठे राहिली, ते त्यांना सांगता आले. मुंबईत आराखडा जाहीर झाला त्याच्या आदल्याच आठवड्यात पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. या आराखड्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. आता नगरसेवक सभागृहात परतले आहेत, तर अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्यांनी एक पान मागून घ्यावे : २०१९ च्याच पद्धतीने काढलेले त्या वर्षाचे उत्सर्जन, विभागवार विजेचे युनिट, दर युनिटमागचा कार्बन आणि बसने दिलेली रोजची सेवा. आकडे अचूक नसले तरी चालेल, कारण दरवर्षी तीच पद्धत वापरली तर चूकही दरवर्षी सारखीच राहते आणि दिशा कळतेच.

या पानावर कचऱ्याचा रकाना भरणे सर्वांत अवघड आहे. देवनार आणि कांजूरमार्गच्या ढिगाऱ्यांतून निघणारा मिथेन कसा मोजतात, ते पुढच्या लेखांकात पाहू.