सहा अंतिम सामने आणि गावाकडची पोरं

प्रो कबड्डी लीगचे 2014 ते 2025 या काळात बारा हंगाम झाले. त्यांतल्या सहा हंगामांच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राचा एक तरी संघ होता. पहिले तीन सामने यू मुंबाने खेळले, नंतरचे तीन पुणेरी पलटणने. विजेतेपदं मात्र दोनच. उरलेले चार सामने अकरा, तीन, चार आणि तीन गुणांनी हातचे गेले.

या सहा सामन्यांकडे मी वाशिम जिल्ह्यात बसून बघतो आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. इथे सोयाबीन घरात आलं आणि रात्री गार होऊ लागल्या की गावोगावी खुल्या कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात. पाणी मारून चोपलेलं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, खांबाला बांधलेले हॅलोजन आणि वजनकाट्यापाशी रांगेत उभी पोरं, कारण गट वजनावर ठरतात. त्या रांगेतला प्रत्येक पोरगा प्रो कबड्डी बघत मोठा झाला आहे. म्हणून मला या सामन्यांच्या गुणफलकाइतकाच त्यांत खेळणाऱ्या पोरांच्या गावांचा हिशेब मांडावासा वाटतो.

सुरुवात मुंबईतच झाली. 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना झाला आणि यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला 45-31 असं हरवलं. त्याच जागी, 31 ऑगस्टला, त्याच दोन संघांत अंतिम सामना झाला आणि जयपूरने 35-24 अशी परतफेड केली. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार, पण चषक नवनीत गौतमच्या जयपूरकडे गेला. तोवर मातीतला मानला गेलेला हा खेळ त्या महिनाभरात घराघरांतल्या टीव्हीवर पोहोचला होता. लिलावात सर्वांत जास्त बोली लागली होती राकेश कुमारवर, 12 लाख 80 हजारांची. आज तो आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा कबड्डीपटूला इतके पैसे मिळतात हीच मोठी बातमी होती.

पुढच्या वर्षी, 23 ऑगस्ट 2015 रोजी, यू मुंबाने बंगळूरु बुल्सला 36-30 असं हरवून चषक घेतला. तोही मुंबईत, घरच्या प्रेक्षकांसमोर. अनुप कुमारची शांत डोक्याची कप्तानी हा त्या संघाचा कणा होता. सामना कितीही तापला तरी हा माणूस निदान रेषेच्या अलीकडे-पलीकडे पाय खेळवत, समोरच्या कोपऱ्यावर नजर ठेवून, घाई न करता बोनस काढायचा. मागे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही कोपरारक्षकांची जोडी, मध्ये जीवा कुमार, सोबत इराणहून आलेला फजल अत्राचली. प्रशिक्षक ई. भास्करन. रिशांक देवाडिगा आणि विशाल माने हे आपले खेळाडूही होते, पण संघाची भिस्त बाहेरच्यांवर होती. यात गैर काहीच नाही, लीग अशीच चालते. तरीही मुंबईने मिळवलेलं ते विजेतेपद मुख्यतः हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांतून आलं होतं, हे नोंदवायलाच हवं.

तिसरा अंतिम सामना 5 मार्च 2016 रोजी दिल्लीत झाला. पाटणा पायरेट्सने यू मुंबाला 31-28 असं हरवलं. पाटण्याचा कर्णधार मनप्रीत सिंग, आणि चढाईला प्रदीप नरवाल नावाचा जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा. मनप्रीत सिंग हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगची अंतिम मालिका गाजली. तिथे सात सामन्यांत चार जिंकणारा विजेता ठरतो. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध 1-3 असा मागे पडला होता. इतक्या पिछाडीवरून तोवर कुणीही अंतिम मालिका जिंकलेली नव्हती. लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने उरलेले तिन्ही सामने जिंकले, शेवटचा 93-89 असा. मालिकेत हरलेल्याला उद्या असतो. रात्रभर चित्रफीत बघून प्रशिक्षकाला डाव बदलता येतो, लंगडणाऱ्या खेळाडूला दोन दिवस मिळतात. कबड्डीत चाळीस मिनिटं, एकच रात्र. साखळी सामन्यांत कमावलेलं सगळं एका चुकलेल्या पकडीत जाऊ शकतं. कबड्डीचा अंतिम सामनाही निदान तीन लढतींचा असावा, असं मला मनापासून वाटतं. तीन गुणांनी गेलेल्या सामन्यांमध्ये सरस कोण होतं, हे एका रात्रीत ठरत नाही.

2016 नंतर सहा वर्षं मराठी संघ अंतिम सामन्यात दिसला नाही. त्या मधल्या काळात एक सुखद घटना घडली. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. आपल्याकडे खेळाडू होतेच. त्यांच्यावर संघ उभा करण्याचं धाडस लीगमध्ये कुणी करत नव्हतं. ते पुण्याने केलं. नावाजलेल्या चढाईपटूंमागे न धावता पुणेरी पलटणने तरुण पोरं निवडली, त्यांना घडवलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं.

अस्लम इनामदार हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा हा पोरगा. उंच, हाताची पोच लांब, आणि चढाईइतकाच बचावातही तयार. आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, आदित्य शिंदे ही त्याच्या सोबतची मंडळी. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत हा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात उतरला, तोही जखमी अस्लमविना. जयपूरने 33-29 असं हरवलं. मला मात्र त्या हरण्यात जिंकण्याची तयारी दिसली, कारण दोन मुख्य चढाईपटू बाहेर असताना उपांत्य फेरीत पंकज मोहितेने सामना ओढून काढला होता.

पुढच्या हंगामात पलटणने बावीसपैकी सतरा सामने जिंकले, दोनच हरले, तीन बरोबरीत सोडवले आणि 96 गुणांसह अव्वल राहिली. बचावासाठी 2 कोटी 35 लाखांना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता, प्रशिक्षक बी. सी. रमेश होते, आणि मधल्या काळात अस्लम व आकाश हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेतलं सुवर्णपदक घेऊन आले होते.

1 मार्च 2024, हैदराबादचं गचीबोवली स्टेडियम. समोर हरियाणा स्टीलर्स आणि त्यांच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून तोच मनप्रीत सिंग. पहिली वीस मिनिटं दोन्ही संघ जपून खेळत होते. दोन चढाया रिकाम्या सोडायच्या, तिसरी येईल तेव्हा जोखीम घ्यायची, असा हिशेब चालला होता. मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. अशा चढाईत खरं काम मध्यरेषेजवळ असतं. पकडायला चौघं एकदम झेपावतात, प्रत्येकाचा हात लागतो, आणि चढाईपटूला श्वास व तोल सांभाळून फक्त बोटभर रेषा ओलांडायची असते. मध्यंतराला 13-10. नंतर पुण्याने लोण चढवला आणि हरियाणाचा पाठलाग संपेपर्यंत गुणफलक 28-25 वर थांबला. पंकजचे नऊ गुण. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम इनामदार.

त्या रात्री हरियाणाकडून चढाईची मुख्य धुरा कुणावर होती? शिवम पठारे आणि सिद्धार्थ देसाई. सिद्धार्थ कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला, शिवमही आपल्याच मातीतला. म्हणजे विजेत्यांकडेही मराठी चढाई, पराभूतांकडेही. 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यातल्या बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23 असं हरवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा चढाईत नऊ गुण शिवमचेच होते आणि बचावात पुण्याहून तिकडे गेलेला शादलुई. महाराष्ट्राचा संघ मैदानात नव्हता, पण महाराष्ट्राच्या पोराने चषक उचलून नेला. 2015 मध्ये आपण बाहेरून खेळाडू आणत होतो, दहा वर्षांच्या आत बाहेरचे संघ आपले खेळाडू नेऊ लागले. या साऱ्या आढाव्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

सहावा सामना 31 ऑक्टोबर 2025 चा. दिल्लीत, दबंग दिल्लीसमोर, 28-31. आदित्य शिंदेने दहा गुण मिळवूनही पुणे हरलं. दिल्लीकडे चढाईला आपलाच अजिंक्य पवार होता आणि 2022 मध्ये पुण्याचा कर्णधार असलेला फजल अत्राचलीही.

टाकळीभान, चंदगड. ही गावं प्रो कबड्डीच्या नकाशावर आली, मग आमच्या जिल्ह्यातली रिसोड-मानोरा का नाहीत? वाशिमच्या पोरांत कमी काय आहे? जोर नाही म्हणावं तर शेतातली पोती उचलणारे खांदे आहेत. अडचण वाटेची आहे. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग असं चढत जाता येतं. पण संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा असतो, महाराष्ट्राचा वेगळा. वाशिमचा पोरगा तिथे विदर्भाकडून उतरतो आणि निवड करणाऱ्यांचे डोळे बहुतेकदा महाराष्ट्र, हरियाणा, सेनादल यांच्या सामन्यांवर खिळलेले असतात.

दुसरी अडचण पायाखालची. मातीवर अनवाणी खेळलेल्या पोराला घसरत मध्यरेषेकडे जायची सवय असते. मॅटवर बूट घट्ट पकड घेतात, त्यामुळे वळणं झटक्यात घेता येतात, पण गुडघ्यावर ताणही तितकाच येतो. घोट्याची पकडही वेगळी पडते, कारण पकडलेला पाय निसटत नाही आणि चढाईपटू पूर्ण ताकदीने रेटू शकतो. हे शरीरात मुरायला महिने लागतात. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणारा पोरगा कितीही गुणी असला तरी तिथे अडखळतो.

आणि ही तर कबड्डीची जुनी भूमी. 1914 मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली, त्यांत कबड्डी होती. कबड्डीचे संघटक बुवा साळवींनी पुढे आयुष्य घालून हा खेळ देशभर बांधला. अमरावती आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याहून हाकेच्या अंतरावर. बर्लिनला कबड्डी नेणाऱ्या विभागातून लीगच्या अंतिम सामन्यात एक चढाईपटू उतरावा, ही अपेक्षा जास्त नाही. त्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने अंथरलेली एक मॅट हवी, तिच्यावर रोज संध्याकाळी उभा राहणारा पगारी प्रशिक्षक हवा, आणि गावोगावच्या खुल्या स्पर्धांच्या बक्षिसांतला थोडा पैसा पोरांच्या बुटांकडे आणि गुडघ्याच्या उपचारांकडे वळायला हवा. स्पर्धा भरवणारी मंडळं गावोगावी आहेत, वर्गणी देणारे हातही आहेत. यंदाचे फलक लागण्याआधी त्यांनी एकत्र बसून एवढं ठरवावं.