घरात बंदूक ठेवायची? आधी ॲट्रॉसिटीचा नियम ३ वाचा

दिग्रस तालुक्यात धुऱ्याचा किंवा रस्त्याचा वाद चिघळला की वस्तीतले एखादे पोरगे विचारतेच, "बंदुकीचं लायसन भेटते का जी?"

भेटते. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे वय २१ पूर्ण हवे. अर्ज यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षणही दाखवावे लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. भूमिहीनांनी हे लक्षात ठेवावे. विनापरवाना कट्टा मात्र घरात नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला साधारणपणे किमान २ वर्षे कैद आहे, आणि समोरच्याला आपल्यावर नेमकी अशीच केस हवी असते.

आता आपल्या कामाचे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ नुसार, अत्याचाराची भीती असलेले क्षेत्र ओळखून सरकार गरजेप्रमाणे तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने देऊ शकते. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतले बौद्धही त्यात येतात. पण त्याच नियमात त्याआधी आणखी एक तरतूद आहे: अशा क्षेत्रातील इतरांचे परवाने, त्यांच्या नातेवाईकांचे आणि नोकरांचेसुद्धा, रद्द करून हत्यारे सरकारजमा करता येतात. ही मागणी आपल्या निवेदनांत क्वचितच दिसते. मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

कारण हल्ला एकट्यादुकट्याचा नसतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने मारले. जमावापुढे एक बंदूक किती टिकेल? शिवाय स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने गरजेपुरत्याच बळाला दिला आहे. गोळी सुटल्यावर ती गरज होती हे कोर्टात आपल्यालाच पटवावे लागते.

आणि बंदूक रोज राहते ती घरात. कर्ज, दारू, नवरा-बायकोचे भांडण जिथे असते, तिथेच. शेतकरी आत्महत्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. त्या घटकेला साधन हाताशी नसले की पुष्कळ माणसे वाचतात. बंदूक असलेल्या घरांत आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

परवाना मागणारा धम्मापासून ढळला, असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसा हे तत्त्व मानले, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. ती गरज आपल्या दारात येण्याआधी प्रशासनाला कामाला लावणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी वस्तीच्या सह्यांचे निवेदन जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना द्या. त्यात नियम ३ चा उल्लेख करा, आधीच्या धमक्या तारखांसह लिहा, गावात कोणाकडे परवान्याची हत्यारे आहेत तेही नोंदवा. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, तिच्यापुढे विषय ठेवण्याची मागणी करा. तातडीला ११२, अत्याचाराच्या तक्रारीला १४५६६. निवेदनाची पोच शिक्क्यानिशी घ्या आणि तिची झेरॉक्स वस्तीबाहेर, नातेवाइकांकडेही ठेवा.