आत्याच्या दुकानातली अमावास्या

पहाटे 5. आज नळाची पाळी. आमच्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे सर्वपित्री असली तरी आधी टाक्या आणि मग सोवळं.

सकाळी 8. भाऊ तर्पणाला बसला. आत्या सवाष्ण गेली असती तर अविधवा नवमी तिची असती. विधवेला ती नाही. मात्र महालयात आत्या-मावशीचंही नाव घेतात. आजी-आजोबांच्या मागून का होईना, तिळाचं पाणी तिला मिळालं. खीर, वडे, कारल्याची भाजी. कावळ्यानं फार वाट पाहायला लावली नाही. आत्यालाही ताटकळणं आवडायचं नाही.

सकाळी 11. शहागंजात निजामकालीन घड्याळाच्या मनोऱ्यापासून भाजीच्या गाड्यांतून वाट काढत दुकान गाठलं. शटर वर. पितृपक्षात हिंदू गिऱ्हाईक बांगड्यांकडे फिरकत नाही. या दिवसांत दुकान चालतं ते चेलीपुऱ्याकडच्या मुसलमान बायकांवर. एक म्हातारी हात पुढे करून म्हणाली, "फुप्पू भरती तो पता बी नै चलता था."

खरंच, फुप्पूनं, म्हणजे आत्यानं, बांगडी भरली की कळायचंही नाही. आत्या हात बघूनच माप सांगायची, दोन-चार की दोन-सहा. मग माहेर कुठलं, धाकटी कितवीला, असं बोलत राहायची. बोलता बोलता हात सैल पडला की अंगठ्याखालचं हाड तळव्याकडे दाबून बांगडी मनगटावर. मी अजून साबण लावते.

दुपारी 3. फिरोजाबादच्या पेट्या फोडल्या. गवतातून डझन काढायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचा, वाढलेल्या वेगळ्या ठेवायच्या. उद्यापासून कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा. नवरात्रात हिरवा रंग पुरत नाही.

हिरव्या पेटीशी हात जरा थांबतो. नवरीचा चुडा भरायचा असला की आत्या गादीवरून उठायची आणि मला पुढे करायची. मी तेव्हा परकरातली पोर. तिनं डझन निवडायचे, माप काढायचं, एका हातात एक जास्त हे मला खुणेनं सांगायचं. हात मात्र माझा. कुणी नवरीची आई तिला उठ म्हणाली असेल-नसेल, ती वेळच येऊ द्यायची नाही. लोक याला समंजसपणा म्हणत. मला तो अन्याय वाटतो, आणि तो तिनं स्वतःवर करून घेतला म्हणून कमी होत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. आत्याला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "ठराव चांगलाय. गिऱ्हाईक कधी वाचणार?"

संध्याकाळी 7. उधारीची वही. तिच्या अक्षरात नावं नाहीत, खुणा आहेत: 'राजाबाजारची उंच', 'जावयावर चिडलेली'. ही दुसरी आज येऊन पैसे चुकते करून गेली. खूण मी वाचून दाखवली नाही.

रात्री 9. शटर खाली.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. नवरीला घेऊन याल तेव्हा घरातली विधवा आत्या, मावशी, जी असेल तिलाही आणा, आणि पहिली बांगडी तिला भरू द्या. माझ्या दुकानात यंदापासून हीच रीत आहे.