मीठ सोडले, चोरिस-पाव राहिला

रक्तदाबाचे एक जुने रुग्ण गेल्या महिन्यात दवाखान्यात आले. गोळ्या नियमित, तरीही दाब १६०/१०० च्या खाली उतरेना. "डॉक्टर, लोणचं-पापड बंद केलं, ताटात मीठ वाढून घेत नाही," ते काकुळतीने सांगत होते. मी सहज विचारले, "संध्याकाळी काय खाता?" उत्तर आले, "काही विशेष नाही. गाड्यावरचा चोरिस-पाव, बस्स!"

वाचकहो, दुखणे इथेच होते. गोव्याचा चोरिस म्हणजे डुकराचे मांस व चरबी यांना मीठ, सुकी मिरची, लसूण, मसाले आणि माडाचे व्हिनेगर लावून, आतड्यात भरून वाळवलेले टिकाऊ मांस. फ्रीज नव्हते त्या काळातली ही पावसाळ्याची बेगमी. तो टिकतो तो मुख्यतः मिठामुळे व आंबटपणामुळे. म्हणजे ताटातले मीठ सोडले तरी पावातून ते पोटात जातच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरते.

चोरिसात प्रथिने, लोह व ब-१२ जीवनसत्त्व आहे, हे नाकारता येणार नाही. पण चरबीही भरपूर. प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४ उष्मांक मिळतात, चरबीच्या एका ग्रॅममधून ९. सोबतचा पाव मैद्याचा, त्यात चोथा नावालाच. शिवाय २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने असे खारवलेले, टिकवलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

मग चोरिस कायमचा सोडायचा का? निरोगी माणसाने तसे करण्याची गरज नाही. मात्र तो रोजची न्याहारी न होता सणासुदीचा पदार्थ असावा. घरी करताना चोरिस थोडा व कांदा-बटाटा जास्त घ्यावा, सुटलेली चरबी काढून टाकावी, वरून मीठ घालू नये. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घ्यावी, सोबत काकडी-टोमॅटो असावे. मांस पूर्ण शिजवावे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आमचे रुग्ण परवा पुन्हा आले. दाब १३८/८८. गोळी चालूच आहे, ती त्यांनी मनाने बंद केलेली नाही. संध्याकाळी आता भाजलेले चणे खातात. जाताना हसत म्हणाले, "नाताळात एक चालेल ना?" मी म्हटले, "एकच!"