विवाहाआधीचे प्रेम, विवाहानंतरचे प्रेम : इंग्रजी उमरावांची प्रणयकादंबरी आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी

इंग्रजीत ‘ऐतिहासिक प्रणयकादंबरी’ या नावाने ओळखला जाणारा एक अत्यंत लोकप्रिय कादंबरीप्रकार आहे. त्यातील नायक बहुधा ड्यूक, अर्ल किंवा निदान एखादा लॉर्ड असतो. नायिका कधी त्याच्या तोलामोलाची, कधी पडत्या घराण्यातील असते. लंडनमधील नृत्यसभा, खेड्यातील प्रशस्त वाडे, बग्ग्या, पत्रे, गैरसमज आणि अखेरीस विवाह, असा त्याचा ठरलेला क्रम आहे. आपल्या विभागांतून या प्रकाराची दखल सहसा घेतली जात नाही. ‘रंजनपर’ असा शिक्का मारून तो बाजूला सारला जातो. वाङ्मयीन मोलाच्या दृष्टीने हा शिक्का पुष्कळसा योग्यही असेल. तथापि एखाद्या समाजात एखादा वाङ्मयप्रकार का रुजतो आणि दुसऱ्या समाजात तो का रुजत नाही, हा प्रश्न मोलाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबरी विपुल आहे, प्रेमकथाही विपुल आहेत. असे असूनही, इतिहासात खरोखर होऊन गेलेल्या सरदार-सत्ताधीशांना नायक करून त्यांच्या प्रेमाची परिणती विवाहात दाखविणारी कादंबरी मराठीत ठळकपणे का आढळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम इंग्रजी बाजू पाहू. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेने या प्रकाराला आजचे रूप दिले, असे सामान्यतः मानले जाते. तिची ‘द ब्लॅक मॉथ’ ही पहिली कादंबरी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून तिने इंग्लंडच्या इतिहासातील एक विशिष्ट कालखंड जणू आपलाच करून टाकला. तिसरा जॉर्ज राज्यकारभारास असमर्थ ठरल्यामुळे युवराज राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता, तो हा १८११ ते १८२० चा काळ. (याच दशकात पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास खानदेशच्या नव्या अंमलाचे ठाणे केले. हेयरच्या पात्रांना या गोष्टीची गंधवार्ता असण्याचे कारण नाही.) पोशाख, वाहने, बोलण्याच्या लकबी यांविषयी हेयरचा अभ्यास सूक्ष्म होता. परंतु कथानक उभे राहते ते या तपशिलांवर नव्हे, तर विवाहाच्या कायद्यावर आणि वारसाहक्कावर. इंग्रज उमरावाची पदवी आणि सामान्यतः जमीनजुमला ज्येष्ठ पुत्राकडे जाई. धाकट्यांना सैन्य, धर्मपीठ अथवा कंपनीची चाकरी शोधावी लागे. त्यामुळे कोणाचा विवाह कोणाशी होतो, हा केवळ हृदयाचा प्रश्न राहत नसे. तो मालमत्तेचा प्रश्न होता. आणि महत्त्वाचे म्हणजे, वर-वधू वयात येईपर्यंत तो प्रश्न बहुधा अनिर्णित राहत असे. हा अनिर्णित काळ म्हणजेच कादंबरीचा अवकाश होय.

१७५३ मध्ये ब्रिटिश संसदेने लॉर्ड हार्डविक याच्या नावाने ओळखला जाणारा विवाहविषयक कायदा केला. एकवीस वर्षांखालील व्यक्तीचा परवान्याने होणारा विवाह पालकांच्या संमतीवाचून अवैध ठरू लागला. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. म्हणून प्रेमिकांनी रातोरात बग्गीतून सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीन या गावी विवाह उरकण्याची प्रथा पडली. इंग्रजी प्रणयकादंबरीतील कित्येक पलायने या एका कायद्याच्या उदरातून जन्मली आहेत.

त्याच १७५३ च्या अखेरीस पुण्यास माधवराव पेशव्यांचा रमाबाईंशी विवाह झाला. वराचे वय आठ वर्षांचे होते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे हाती येते. मराठी ऐतिहासिक कादंबरीकाराला उपलब्ध असलेला नायक बहुधा कथेच्या प्रारंभीच विवाहित असतो. ‘विवाह होईल की नाही’ ही उत्कंठा त्याच्या बाबतीत संभवत नाही. इंग्रजी कादंबरी जिथे संपते, तिथे मराठी कादंबरीला सुरुवात करावी लागते.

हे भान मराठी कादंबरीला तिच्या बाल्यावस्थेतच होते, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत अशी अडचण मांडली की, आमच्या विवाहविषयक रीतींमुळे आणि इतर काही कारणांमुळे आम्हा हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असे चित्तवेधक फारसे काही घडत नाही. या प्रस्तावनेकडे आपण एका भाबड्या लेखकाची सबब म्हणून पाहत आलो. माझ्या मते ती मराठीतील कादंबरीमीमांसेचे एक आद्य आणि अत्यंत प्रामाणिक विधान आहे. रिसबुडांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे देशकालाची बंधने नसलेले कल्पित राज्य. त्यांच्यापूर्वी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांनी ‘मुक्तामाले’त (१८६१) दुसरा तोडगा काढला होता : नायिका विवाहितच ठेवावयाची, पतिपत्नींची ताटातूट करावयाची आणि अखेरीस पुनर्मीलन घडवावयाचे. विवाहाच्या जागी पुनर्मीलन बसविले की सुखान्त साधतो आणि रूढीलाही धक्का लागत नाही.

याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज उमराव मराठी वाचकाला प्रत्यक्ष भेटला तो मात्र हेयरचा नव्हे, जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सचा (१८१४–१८७९). रेनॉल्ड्स हा चार्टिस्ट चळवळीतील मनुष्य, राजसत्तेचा विरोधक. त्याच्या ‘मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन’मधील उमराव विलासी, कपटी आणि स्त्रियांना फसविणारे आहेत. त्याच्या कादंबऱ्या भारतभर वाचल्या गेल्या, भाषांतरित-रूपांतरित झाल्या. हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ (१८८५) या पहिल्या कादंबरीवरही त्याची छाया आहे. राज्यकर्त्या जातीच्या उच्चवर्गाची लक्तरे वाचण्यात पराधीन वाचकाला काही निराळेच समाधान मिळत असावे. परिणाम असा झाला की इंग्रज उमराव हा आदर्श प्रियकर म्हणून मराठी कल्पनाविश्वात रुजलाच नाही; तो खलपुरुष म्हणून आला. आपट्यांनी आणि त्यांच्यानंतर नाथमाधवांनी ऐतिहासिक कादंबरीत प्रेमाला जागा दिली ती प्रामुख्याने कल्पित तरुण-तरुणींच्या रूपाने. त्यात स्कॉटचा आदर्श उघड आहे. मात्र स्कॉटने स्वतः खऱ्या उमरावालाही हात घातला होता. ‘केनिलवर्थ’मध्ये (१८२१) लेस्टरचा अर्ल आणि त्याची पत्नी एमी रॉब्सार्ट यांची करुण कथा आहे. एमीचा मृत्यू १५६० मधला. स्कॉटने तो निःसंकोच पंधरा वर्षे पुढे ओढला. मराठी कादंबरीकाराने एखाद्या पेशव्याच्या पत्नीच्या बाबतीत असे धाडस केले असते तर काय गहजब झाला असता, याची कल्पनाच करावी.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी लेखकांनी ही अडचण दोन प्रमुख मार्गांनी ओलांडली. पहिला मार्ग रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चा (१९६२), दुसरा ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’चा (१९७२). ‘स्वामी’त प्रेम विवाहाच्या आत शोधले आहे. बालपणी बांधलेली गाठ पुढे अनुराग कसा होते, हे ‘स्वामी’चे भावनिक सूत्र. राजकारण, काकांचे कट, हैदराच्या मोहिमा आणि क्षय यांच्यामधून पतिपत्नींना मिळणारे चार निवांत क्षण हीच तेथील नृत्यसभा. आता रमाबाईंविषयी कागदपत्रांतून मिळणारी माहिती तुलनेने फारच थोडी आहे. म्हणजे वाचकाला ज्या प्रसंगांची सर्वांत अधिक ओढ लागते, तेच प्रसंग सर्वांत अधिक कल्पित आहेत. हा दोष नव्हे, ऐतिहासिक कादंबरीचा तो धर्मच आहे. प्रश्न शेवटाचा आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. इतिहासाने हा शेवट दिला. परंतु प्रणयकथेच्या रचनेत तो बसविताच त्याचा अर्थ पालटतो. जिथे इंग्रजी कादंबरीत विवाहसोहळा येतो, त्या नेमक्या जागी येथे चिता येते आणि प्रेमाची पूर्तता म्हणून ती वाचली जाते. ‘स्वामी’ शिकविताना हा भाग आला की वर्गातील मुली स्तब्ध होतात, काहींचे डोळे पाणावतात. त्या क्षणी सतीप्रथेविषयी काही बोलणे हे शिक्षकाला रसभंगासारखे वाटते, हा माझाही अनुभव आहे. एका क्रूर प्रथेला आपण येथे प्रणयाचा कळस म्हणून स्वीकारतो आहोत, हे मात्र त्या वर्गात कोणीतरी म्हटले पाहिजे.

‘राऊ’ने प्रेम विवाहाबाहेर, म्हणजे शास्त्राने आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मानलेल्या विवाहाबाहेर शोधले. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास बुंदेलखंडात गेले, तेथून मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. पुण्याच्या वाड्यात तिला स्थान नव्हते. तिची नजरकैद तर कागदपत्रांतूनच सिद्ध आहे. अशा प्रेमाला जागा मिळते ती छावणीत. इंग्रजी कादंबरीतील दिवाणखान्याला मराठी पर्याय कोणता, असे कोणी विचारल्यास ‘मोहिमेवरील डेरा’ हेच उत्तर द्यावे लागेल. शेवट येथेही मृत्यूचाच. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव वारले, पाठोपाठ मस्तानीही गेली. (आपल्याकडील विद्यार्थी रावेरखेडी म्हणजे जळगाव जिल्ह्यातील रावेर समजतात, ते गाव नर्मदाकाठी, आजच्या मध्य प्रदेशात आहे.) या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट २०१५ मध्ये आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखविल्यावरून वाद झाला. या वादात अभिमानाचा भाग होताच. परंतु पेशव्यांच्या घरातील स्त्रीला नृत्यसभेत उभे करणे हे इंग्रजी धर्तीच्या प्रणयकथेचे कलम येथे बळेच करणे होते, हेही त्याच्या मुळाशी होते.

खानदेशातील अभ्यासकाला या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दिशा घरातच उपलब्ध आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांतून प्रकाशात आणली. त्यांनी कादंबरीवर स्वतंत्र निबंधही लिहिला, हे इतिहासाच्या अभ्यासकांना सहसा आठवत नाही. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले आणि लगेच १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दुसरी दिशा सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची. ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) समाविष्ट असलेल्या मराठी कादंबरीवरील निबंधात त्यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कादंबऱ्यांच्या नावांनी तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि आपला कौल पहिलीला, म्हणजे भोवतालच्या वास्तवाला भिडणारीला दिला. ‘स्वामी’नंतर अवघ्या एका वर्षाने आलेली त्यांची ‘कोसला’ (१९६३) हे त्या कौलाचे सर्जनशील रूप आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यास जातो. परंतु त्या पुण्यात ना शनिवारवाडा आहे, ना प्रेयसी.

नेमाड्यांचा कौल मान्य करूनही एक शंका उरते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःस्थितीविषयी आहे, म्हणजे विवाहव्यवस्थेविषयीच आहे. ‘मुक्तामाला’ त्याच व्यवस्थेला वळसा घालते. रिसबूड प्रस्तावनेत ती अडचण उघड सांगतात आणि मग पळ काढतात. बाबा पदमनजींनी जी स्त्री केशवपनाच्या भयाने ग्रासलेली दाखविली आणि देसायांनी जी स्त्री चितेकडे चालताना दाखविली, त्या दोघींचे प्राक्तन एकाच विवाहरीतीने ठरविले होते. एकीची कादंबरी आपण सामाजिक म्हणतो, दुसरीची ऐतिहासिक, आणि दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत त्या नेमतो.