सात पाटील आणि एक डीबगर

सगळ्यात आधी एक कबुली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी जरा लंगडं आहे. सांभाळून घ्या!

तर झालं असं... मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनची आदली रात्र. वर्गातल्या 60 मुलांची मार्कलिस्ट लावून देणारा सी प्रोग्रॅम. सॉर्ट फंक्शन माझ्या पार्टनरचं, बाकी सगळं माझं. रन केला की 'सेगमेंटेशन फॉल्ट'. आणि क्रॅश कुठे? तिच्या सॉर्टमध्ये! मी फोनवरच तिला नको नको ते बोलले. तिनेही फोन आपटला. मग एकटीच जीडीबी उघडून बसले आणि टाइप केलं, 'बीटी', म्हणजे बॅकट्रेस. कोणी कोणाला बोलावलं याची अख्खी वंशावळ समोर आली. तेव्हा प्रश्न पडला, या डीबगरला हे कळतं कसं?

आपण एखादं फंक्शन कॉल करतो तेव्हा त्याला स्टॅकवर स्वतःची जागा मिळते. तीच त्याची फ्रेम. मेसमध्ये ताटावर ताट ठेवतात तसं. फरक एवढाच की आपल्या पीसीवर ही चळत वरून खाली वाढते, म्हणजे नवीन फ्रेमचा पत्ता आधीच्यापेक्षा लहान असतो. 64 बिट इंटेल मशीनवर कॉल होताना आधी 8 बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर जातो. रिटर्न तिकीटच समजा! काम झालं की परत कुठे उतरायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. मग फंक्शन आल्या आल्या जुना आरबीपी रजिस्टर स्टॅकवर जपून ठेवतं आणि आरबीपीला आपल्या फ्रेमकडे वळवतं. म्हणजे आरबीपी जिथे बोट दाखवतो तिथे आधीच्या फ्रेमचा आरबीपी, आणि त्याच्या 8 बाइट वर परतीचा पत्ता. ट्रेझर हंटसारखं! एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची जागा. डीबगर चिठ्ठ्या वाचत वाचत थेट मेनपर्यंत पोहोचतो.

पण कंपायलर हुशार असतो. ऑप्टिमायझेशन चालू केलं की जीसीसी आरबीपी दुसऱ्याच कामाला लावतो. चिठ्ठ्या गायब! मग डीबगर एक तक्ता बघतो. कंपायलरने तो प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच ठेवलेला असतो, ड्वार्फ नावाच्या फॉरमॅटमध्ये. (फाइलचा फॉरमॅट एल्फ, म्हणून जोडीला ड्वार्फ. इंजिनिअर लोकांचे विनोद असेच असतात!) प्रोग्रॅम अमुक सूचनेवर असेल तर फ्रेमचा पाया स्टॅक पॉइंटरपासून किती बाइटवर आहे, हे त्या तक्त्यात असतं. पण तक्ता वाचायला वेळ लागतो. म्हणून फेडोराने 2023 मध्ये आणि उबुंटूने 2024 मध्ये आपली पॅकेजेस पुन्हा आरबीपीच्या चिठ्ठ्या ठेवून बनवायला सुरुवात केली. प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली.

आता खरी गंमत. फ्रेम ओळखायची कशी? नावाने? आमच्या पनवेलच्या कॉलेजात माझ्या वर्गात सात पाटील आहेत! सरांनी नुसतं 'पाटील' म्हटलं की सातही जण उभे राहतात. म्हणून रोल नंबर लागतो. रिकर्जनमध्ये तेच होतं, एकाच सॉर्टच्या कितीतरी फ्रेम. चालू सूचनेचा पत्ता दर क्षणाला बदलतो, स्टॅक पॉइंटरही हलतो. फ्रेमचा पाया मात्र ते फंक्शन संपेपर्यंत हलत नाही. म्हणून जीडीबी दोन गोष्टींची जोडी धरतो : फ्रेमच्या पायाचा पत्ता आणि फंक्शन कुठे सुरू होतं तो पत्ता. रोल नंबर आणि आडनाव!

याचा उपयोग? तुम्ही 'फिनिश' म्हटलंत की जीडीबी परतीच्या पत्त्यावर गुपचूप एक ब्रेकपॉइंट लावतो. पण रिकर्जनमध्ये आतले कॉलसुद्धा त्याच पत्त्यावर परततात. मग तो प्रत्येक वेळी जोडी तपासतो. हा पाटील आपला नाही? जाऊ दे पुढे. आपला आला की थांबतो.

आता माझी वंशावळ. 0 ते 14, पंधरा फ्रेम सॉर्टच्या. दर फ्रेमला टप्पा साधारण निम्मा होत आलेला, म्हणजे तिचं गणित अगदी बरोबर. मी 'फ्रेम 15' टाइप केलं. मेन. माझं मेन. मग 'प्रिंट एन'. उत्तर आलं 32764. मुलं 60! एनला किंमत द्यायलाच मी विसरले होते. स्टॅकवर आधीचा जो कचरा पडला होता, तोच मी तिच्या सॉर्टला पाठवला होता.

क्रॅश तिच्या घरात, चूक माझ्या घरातली. रात्री दीडला मेसेज केला, 'सॉरी, बग माझा होता.' सकाळी स्टेशनबाहेर वडापाव माझ्याकडून.

तेव्हा मित्रांनो, पार्टनरवर ओरडण्याआधी एकदा बीटी मारा. आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत वाचा!